थंडीत गाडी का रुसते?

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडला की दिल्ली, चंडीगड, लखनौ, ग्वाल्हेर या भागांत बॅटरीच्या दुकानांवर एकाएकी गर्दी होऊ लागते. काल संध्याकाळपर्यंत सुरळीत चालणारी गाडी आज सकाळी चावी फिरवताच 'टक' असा एकच आवाज करून गप्प बसलेली असते. मुलांच्या शाळेची वेळ झालेली असते, कुणाला पहाटेची रेल्वे गाठायची असते, तर कुणाच्या घरी आजोबांच्या दम्याने रात्रीतून जोर धरलेला असतो आणि त्यांना ताबडतोब दवाखान्यात न्यायचे असते. मग शेजारच्या दोघाचौघांना हाका मारायच्या, नाही तर मेकॅनिकला फोन करायचा. मेकॅनिक येतो, बॉनेट उघडतो आणि एका नजरेत निकाल देतो, "भाईसाहब, बॅटरी गेली. नवी टाकावी लागेल."

घाईत, कुडकुडत, तो जी आणून देईल ती बॅटरी गाडीत बसते. छोट्या गाडीसाठी चार-पाच हजारांची आणि मोठ्या गाडीसाठी त्याच्या दुपटीची ही खरेदी लोक ज्या बेफिकिरीने करतात, त्या बेफिकिरीने कुणी प्रेशर कुकरही घेत नाही. आता कित्येक घरांत गाडी गृहिणीच जास्त चालवते. धुक्याच्या पहाटे बंद पडलेल्या गाडीजवळ एकटीने उभे राहण्याची वेळही तिच्यावरच येते. बॅटरी निवडताना मात्र तिला कुणी विचारत नाही, हे काही बरे नव्हे. यात कळायला अवघड असे फारसे काही नाही.

मारतो उन्हाळा, नाव थंडीचे

गाडीची बॅटरी म्हणजे प्लॅस्टिकच्या एका पेटीत शेजारीशेजारी बसवलेली सहा घरे. प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. एका घरातून सुमारे २.१ व्होल्ट मिळतात, सहांचे मिळून साडेबाराच्या थोडे वर जातात. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये अशी शिशाची बॅटरी प्रथम तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. मोटारीत तिला मानाचे स्थान मिळाले ते १९१२ मध्ये, जेव्हा चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर अमेरिकेच्या कॅडिलॅक गाडीला बसवला गेला. त्याआधी लोखंडी हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. आपल्याकडे जुन्या अँबॅसेडर आणि फियाट गाड्यांबरोबर हे हँडल पुढेही बरीच वर्षे येत असे. बॅटरीने दगा दिला तर घरातला धडधाकट माणूस ते फिरवून गाडी चालू करी. आजच्या गाड्यांना ती सोय राहिलेली नाही.

स्टार्टर दोन-तीन सेकंदच फिरतो, पण तेवढ्या वेळात छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो. डिझेल गाडीत इंजिनातील दाब जास्त असल्याने हा आकडा आणखी मोठा असतो. एवढा प्रवाह क्षणार्धात पुरवायचा म्हणजे आत रासायनिक क्रिया झपाट्याने व्हायला हवी, आणि थंडीत नेमकी तीच मंदावते. ढोबळ मानाने सांगायचे तर २७ अंश सेल्सिअसला जी बॅटरी पूर्ण ताकद देते, ती शून्य अंशाला दोन-तृतीयांशाच्या आसपास देते आणि उणे १८ अंशांना तर निम्म्याहूनही कमी. दुसरीकडे इंजिनातील तेल काकवीसारखे दाट झालेले असते, त्यामुळे शून्य अंशाला इंजिन फिरवण्यासाठी नेहमीच्या जवळजवळ दीडपट जोर लागू शकतो. पुरवठा कमी आणि मागणी जास्त, अशी ही कोंडी असते.

पण इथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिल्लीतल्या जानेवारीत पारा बहुतेक रात्री चार ते आठ अंशांच्या दरम्यान असतो. चांगली, भरलेली बॅटरी एवढ्या थंडीत गाडी सहज सुरू करते. मग डिसेंबरातच एवढ्या बॅटऱ्या का बसतात? कारण त्या मे-जूनमध्येच आतून खचलेल्या असतात. उष्णतेने पट्ट्यांची झीज वाढते आणि आम्लातले पाणी उडून जाते. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिले तर बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. बाहेर ४५ अंश असताना वाहतुकीच्या कोंडीत उभ्या गाडीच्या बॉनेटखाली किती तापत असेल, याची कल्पना करावी. उन्हाळ्यात इंजिन हलके फिरते म्हणून हा अशक्तपणा झाकला जातो. थंडी फक्त तो उघडा पाडते. नागपूरकरांना हे दोन्ही टोकांचे हवामान चांगले ठाऊक आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारे हे शहर २०१८ च्या डिसेंबरअखेरीस ३.५ अंशांपर्यंत उतरले होते.

गेली, हे कुणी ठरवले?

नवी बॅटरी घेण्याआधी जुनी खरोखर गेली आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. मेकॅनिक मंडळी इथेच सर्वाधिक घाई करतात. (सगळेच लबाड असतात असे नाही. पहाटे सहा वाजता थंडीत उभे राहून तपासत बसण्यापेक्षा बदलून मोकळे होणे त्यांनाही सोपे वाटते, इतकेच.)

आधी गाडीचा आवाज ऐकावा. चावी फिरवल्यावर इंजिन रडतरखडत, कण्हत फिरत असेल किंवा नुसते 'टकटक' होत असेल, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या तारांवर घ्यावा. इंजिन नेहमीच्या वेगाने जोरात फिरते आहे पण पेट घेत नाही, असे असेल तर बॅटरी बिचारी आपले काम करते आहे. दोष इंधनात, स्पार्क प्लगमध्ये किंवा डिझेल गाडी असल्यास ग्लो प्लगमध्ये शोधावा. अशा वेळी नवी बॅटरी टाकूनही गाडी सुरू होणार नाही.

नंतर बॅटरीचे दोन खुंट, म्हणजे टर्मिनल, पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर अर्धे दुखणे तिथेच आहे. आधी वजा आणि मग अधिक अशी जोडणी सोडवून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून, जुन्या टूथब्रशने खुंट घासावेत. ते पाणी झाकणांतून बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये. पुसून कोरडे करावे, बसवताना आधी अधिक आणि मग वजा असा उलटा क्रम ठेवावा आणि घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. पंधरा मिनिटांचे हे काम आहे. कित्येक 'मेलेल्या' बॅटऱ्या एवढ्यावर उठून बसतात.

घरात साधा मल्टिमीटर असेल तर आणखी सोपे. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, सकाळी चावी लावण्याआधी दोन्ही खुंटांवर व्होल्टेज मोजावे. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश आणि १२.२ म्हणजे निम्मी. बाराच्या खाली आले तर ती रिकामी झाली असे समजावे. पण रिकामी होणे वेगळे आणि मरणे वेगळे. रिकामी बॅटरी चार्ज करून पाहता येते. इंजिन चालू असताना मीटरने साधारण १३.८ ते १४.५ दाखवायला हवे. तेवढे दाखवत नसेल तर अल्टरनेटर चार्जच करत नाही असे समजावे. मग नवी बॅटरीही आठवड्याभरात तशीच बसेल. शेवटचा निवाडा दुकानातील लोड टेस्टरने होतो. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर पंधरा सेकंद जबर भार टाकून पाहतात. नेहमीच्या तापमानाला तेवढ्या वेळात व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरले, तर तिचे दिवस भरले. ही चाचणी बहुतेक दुकानदार फुकट करून देतात. डोळ्यांसमोर करून घ्यावी.

एक चोर आणखी असतो. गाडी बंद असतानाही डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला अलार्म थोडाथोडा प्रवाह पीत राहतात. घरातल्या घरात काम करणाऱ्या कुटुंबाची गाडी आठ-आठ दिवस हलत नाही आणि मग दोष बॅटरीच्या माथी येतो. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असतेच, आणि ती बसली तर एवढी महागडी गाडी दारातच उभी राहते.

लेबलावरील आकडे

दुकानात गेल्यावर विक्रेता बहुधा एकच आकडा सांगतो, ३५ एएच, ४५ एएच, ६५ एएच. अँपिअर-अवर हा साठा झाला. ३५ एएच म्हणजे १.७५ अँपिअर प्रवाह सलग २० तास देण्याची क्षमता. पण स्टार्टरला वीस तास नव्हे, दोन सेकंद हवे असतात. त्यासाठी दुसरा आकडा पाहावा लागतो, तो सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर. रांजण किती मोठा आहे ते एएच सांगते. त्यातून एका दमात किती पाणी उपसता येते ते सीसीए सांगते. थंडीत सकाळी गाडी सुरू होणार की नाही हे दुसऱ्या आकड्यावर ठरते. काही कंपन्या हा आकडा लेबलावर छापतात, काही छापत नाहीत. नसेल तर कंपनीचे माहितीपत्रक मागावे.

सीसीए मोजण्याची रीत अशी : बॅटरी उणे १८ अंशांपर्यंत थंड करतात आणि त्या अवस्थेत तीस सेकंद ती जास्तीत जास्त किती प्रवाह देऊ शकते, पण व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, ते पाहतात. ही अमेरिकन एसएई पद्धत झाली. युरोपच्या ईएन पद्धतीत दहा सेकंद आणि ७.५ व्होल्ट ही कसोटी आहे. जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत तर त्याच बॅटरीचा आकडा बराच लहान येतो. शिवाय काही लेबलांवर नुसते 'सीए' असते. ते शून्य अंशाला मोजलेले असल्याने आपोआप मोठे दिसते. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना आकड्यापुढचे अक्षर वाचल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये. सोन्याचा भाव विचारताना बावीस की चोवीस कॅरट, हे आपण विचारतोच.

मग ज्याचा सीसीए सर्वांत जास्त ती बॅटरी सर्वांत चांगली का? मैदानी भागात राहणाऱ्यांनी या मोहात पडू नये. त्याच आकाराच्या पेटीत सीसीए वाढवायचा तर आत पातळ पट्ट्या जास्त संख्येने बसवाव्या लागतात, म्हणजे आम्लाला भिडणारे क्षेत्र वाढते. पण पातळ पट्टी उष्णतेत लवकर झिजते. दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर किंवा विदर्भात वर्षाकाठी कडाक्याची थंडी असते जेमतेम पाच-सहा आठवडे आणि भाजून काढणारा उन्हाळा असतो तीन-चार महिने. तिथे गाडीच्या पुस्तिकेत दिलेला सीसीए किंवा त्याहून थोडा जास्त पुरेसा आहे. निवड मुख्यतः उन्हाळा सोसेल अशा बॅटरीची करावी. सिमला, मनाली, श्रीनगर, लेह इथे राहणाऱ्यांचे गणित उलटे. तिथे पुस्तिकेतला आकडा हा किमान समजावा आणि त्याच आकारात मिळेल तितका जास्त सीसीए घ्यावा. २०२१ च्या जानेवारीत श्रीनगरला पारा उणे ८.४ अंशांवर गेला होता. लेहमध्ये तर उणे १५ ची रात्र ही बातमीच नव्हे.

एएच थोडे जास्त घेतले तर अल्टरनेटर जळेल, ही समजूत खरी नाही. ३५ च्या जागी ४० किंवा ४५ बसत असेल तर खुशाल घ्यावी. पण त्यासाठी ट्रे कापणे, पट्टी वाकवणे असले उद्योग करू नयेत. आणि रोज दोन किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीत केवढीही मोठी बॅटरी टाकली तरी ती भरणार कधी?

पेटी कोणती, खुंट कुठे

आकाराची गंमत अशी, की जपानी आणि युरोपीय अशा दोन घराण्यांच्या बॅटऱ्या आपल्याकडे चालतात. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत ३८बी२०एल अशा नावाची बॅटरी दिसते. यातील ३८ हा ताकदीचा दर्जा. 'बी'वरून रुंदी सुमारे १२९ मिलिमीटर आणि उंची सुमारे २०३ मिलिमीटर असल्याचे कळते. २० म्हणजे लांबी सुमारे वीस सेंटिमीटर. शेवटचे एल किंवा आर हे अक्षर अधिकचा खुंट कोणत्या बाजूला आहे ते सांगते. हेच अक्षर सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. एलच्या जागी आर आली की तारा पुरत नाहीत, मग त्या ओढूनताणून बसवल्या जातात. घाईत अधिक-वजा उलटे जोडले गेले, तर अल्टरनेटरमधील डायोड आणि गाडीचा संगणक यांचे काय होईल ते सांगायला नको. तो खर्च दहा बॅटऱ्यांचा होऊ शकतो.

खुंटांच्या जाडीतही फरक असतो. बारीक खुंटावर जाड क्लॅम्प बसवायचा म्हणून मध्ये पत्र्याची पट्टी किंवा खिळा कोंबलेला गाड्यांत सर्रास दिसतो. स्टार्टरला शंभर-दीडशे अँपिअर जायचे ते त्या पट्टीतून! असे काम कुणी करू लागला तर त्याला थांबवावे. युरोपीय डीआयएन बॅटरी बुटकी असते आणि बहुधा बुडाशी असलेल्या कडेला धरून बसते. तिच्या जागी उंच जपानी बॅटरी टाकली तर बॉनेट बंद होताना खुंटाला टेकण्याचा धोका असतो.

ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होतात आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होतात, त्यांची गोष्ट वेगळी. दिवसातून तीस-चाळीस वेळा स्टार्ट सोसण्यासाठी त्यांत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते. ती महाग असते म्हणून दुकानदार कधीकधी साधी सुचवतो. साधी बॅटरी सुरुवातीला चालतेही, पण लवकरच मान टाकते. पूर्वी होती त्याच प्रकारची घ्यावी. एजीएममध्ये आम्ल काचेच्या धाग्यांच्या गादीत जिरवलेले असते. ती थंडीत चांगला प्रवाह देते, पण बॉनेटखालची उष्णता तिलाही मानवत नाही. म्हणून आधी ईएफबी असेल तर 'आणखी भारी' म्हणून एजीएमवर पैसे घालण्याचे कारण नाही. काही महागड्या गाड्यांत नवी बॅटरी बसल्याचे संगणकाला कळवावे लागते. ते काम गल्लीच्या कोपऱ्यावर होत नाही.

दुकानात उभे असताना

बॅटरी ही भाजीसारखी ताजी घ्यायची वस्तू आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. फळीवर पडल्यापडल्याही ती हळूहळू उतरते, गरम गोदामात तर अधिक वेगाने. उतरलेल्या अवस्थेत बरेच दिवस राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग कितीही चार्ज केले तरी पहिली ताकद परत येत नाही. म्हणून उत्पादनाची तारीख पाहावी. ती बहुधा सांकेतिक अक्षरांत असते. दुकानदाराकडून तिचा उलगडा करून घ्यावा आणि शक्यतो तीन महिन्यांच्या आतली घ्यावी. गाडीत बसवण्याआधी व्होल्टेज मोजायला सांगावे. १२.४ पेक्षा कमी भरले तर दुसरी मागावी. संकोच कसला? नारळ वाजवून घेतोच की.

'पाच वर्षांची वॉरंटी' या पाटीवर जाऊ नये. ती बहुतेकदा दोन तुकड्यांत असते. उदाहरणार्थ ३० अधिक ३० महिने. पहिल्या ३० महिन्यांत बिघडली तर बदलून मिळते, पुढच्या ३० महिन्यांत नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते. ती सूटही बहुधा छापील किमतीवर मोजतात. दुकानदार एरवीही छापील किमतीखाली विकत असल्याने हाती पडणारा फायदा वाटतो त्याहून लहान असतो. तेव्हा पहिला आकडा पाहून तुलना करावी. कार्डावर तारीख, शिक्का, बॅटरीचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक तिथेच लिहून घ्यावा. गाडी टॅक्सीसाठी वापरली जात असेल तर अटी कडक असतात. पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात दिसायला हवा.

जुनी बॅटरी परत दिली की किमतीत काही शेकड्यांपासून हजार-दीड हजारांपर्यंत फरक पडतो. कुणी दारावर येऊन शंभर-दोनशे जास्त देतो म्हणून भंगारवाल्याला ती देऊ नये. अनेक ठिकाणी अशा बॅटऱ्या उघड्यावर फोडून, आम्ल गटारात ओतून, शिसे भट्टीत वितळवले जाते. त्या धुराने सर्वाधिक नुकसान होते ते आसपास खेळणाऱ्या मुलांचे. शिसे त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याबाबत आपल्याकडे २००१ पासून नियम आहेत. २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे, अधिक व्यापक नियम आले. अधिकृत विक्रेत्याकडे दिलेली बॅटरी योग्य कारखान्यात जाते आणि तिच्यातले शिसे पुन्हा नव्या बॅटरीत येते.

बर्फाच्या प्रदेशात जाताना

ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून ऐन हिवाळ्यात मनालीहून लाहौलला जाणे शक्य झाले आहे. आता पुण्या-मुंबईच्या नंबरप्लेटच्या गाड्याही जानेवारीत सिस्सूच्या बर्फात उभ्या दिसतात. घरून निघताना टायर पाहतात, ब्रेक पाहतात, स्वेटर मोजतात. बॅटरी मात्र कुणी पाहत नाही. मुंबईच्या २० अंशांत जी बॅटरी मुकाट चालत होती, ती उणे दहाच्या रात्रीनंतर उठेलच असे नाही. तीन वर्षांहून जुनी असेल तर निघण्यापूर्वी लोड टेस्ट करावी आणि इंजिन तेलाचा डबाही पाहावा. त्यावरील 'डब्ल्यू' हे अक्षर विंटरचे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते. ५डब्ल्यू तेलाची गाडी २०डब्ल्यूपेक्षा खूप हलकी फिरते. पण कोणते तेल चालेल ते पुस्तिकेवरूनच ठरवावे.

बॅटरी गोठते का, असाही प्रश्न विचारला जातो. पूर्ण भरलेली बॅटरी आपल्याकडच्या कोणत्याही थंडीत गोठत नाही, कारण तिच्यातील आम्ल दाट असते. पण बॅटरी उतरत जाते तसे आम्ल पाण्यासारखे होत जाते. पार उतरलेली बॅटरी उणे आठ अंशांच्या आसपासच गोठते. आत बर्फ झाले की पेटी तडकते, पट्ट्या वाकतात. म्हणून रात्री दिवा चालू राहिलेली गाडी सिमल्यात फार तर त्रास देईल, केलाँगला ती बॅटरी कायमची जाऊ शकते. गोठलेली बॅटरी चार्ज करणे किंवा तिला जंपर केबल जोडणे धोक्याचे आहे, कारण ती फुटू शकते. आधी ती पूर्ण वितळू द्यावी आणि पेटीला तडा नाही ना हे पाहावे.

लडाखमधील वाहनचालक कडाक्याच्या रात्री बॅटरी काढून घरात आणून ठेवतात. जुन्या जीपसाठी ही युक्ती उत्तम. इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या नव्या गाडीत मात्र पुस्तिका पाहिल्याशिवाय ती करू नये. माणसे झोपतात त्या बंद खोलीत बॅटरी चार्ज तर मुळीच करू नये. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. टाकीखाली शेगडी पेटवण्याचा प्रकारही तिकडे दिसतो, त्याचे अनुकरण नको. खरे तर तो उपाय बॅटरीसाठी नसून डिझेलसाठी असतो. साधे डिझेल कडक थंडीत मेणासारखे थिजू लागते. यासाठीच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. डिझेल गाडी घेऊन वर जाणाऱ्यांनी टाकी खालूनच काठोकाठ भरून नेण्यापेक्षा तिथले इंधन घ्यावे.

थंड सकाळी सुरू करताना दिवे, ब्लोअर, काच तापवणारी तार, गाणी सगळे बंद ठेवावे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण दाबावा. त्यामुळे गिअरबॉक्समधील दाट तेल घुसळण्याचे काम स्टार्टरच्या डोक्यावरून उतरते. डिझेल गाडीत ग्लो प्लगचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे. एका वेळी पाच-सहा सेकंदांहून जास्त चावी धरून ठेवू नये. न झाल्यास अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. सलग दळत बसले तर उरलेसुरले बळही जाते. धक्का मारून सुरू करण्याची सोय फक्त हातगिअरच्या गाडीत आहे. ऑटोमॅटिक गाडी ढकलून काही होत नाही, माणसे मात्र दमतात.

डिकीत जाड तारांची जंपर केबल असावी. फुटपाथवर मिळणारी बारीक केबल तापून वितळते. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नयेत. लाल तारेचे एक टोक बंद गाडीच्या अधिकला, दुसरे चालू गाडीच्या अधिकला. मग काळ्या तारेचे एक टोक चालू गाडीच्या वजाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या वजाला नव्हे, तर बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग न लावलेल्या धातूच्या भागाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ तोच हायड्रोजन असू शकतो. चालू गाडीचे इंजिन पाच-दहा मिनिटे फिरत ठेवून मग बंद गाडी सुरू करावी. सुरू झाल्यावर केबल उलट क्रमाने काढावी, धातूवरची काळी क्लिप सर्वांत आधी. त्यानंतर लगेच इंजिन बंद करू नये. निदान अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणावी आणि त्याच दिवशी बॅटरी तपासून घ्यावी.